अर्धा ठोंब

१

मूल बोलायचं थांबलं तर काय करायचं, हे पुस्तकांत सापडतं. मूल वाक्याचं फक्त शेपूट बोलायला लागलं तर काय करायचं, हे कुठेच सापडत नाही. मी शोधलं. नवऱ्याकडे पाठ करून, पांघरुणाच्या आत मोबाइलचा उजेड दाबून किती रात्री शोधलं ते सांगत नाही. सांगितलं तर डॉक्टर टिटवीला सोडून मलाच तपासायला घेतील.

टिटवी म्हणजे आमची मुलगी, चार वर्षांची. हे तिचं घरातलं नाव. पाणथळीतली टिटवी माणूस दिसला की ओरडत सुटते आणि माणूस गेला तरी थांबत नाही, तशी ही. सासूबाईंना हे नाव मुळीच पसंत नाही. "पाखरांचीच नावं ठेवायची तर जरा बऱ्या पाखरांची ठेवा," असं त्या म्हणतात, आणि मग स्वतःच "टिटवे, इकडे ये गं" अशी हाक मारतात.

तर ही टिटवी एका सकाळी वाफाळत्या दुधाचा कप समोर घेऊन बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "…खूप गार आहे."

"काय गार आहे? दूध? चटका बसेल बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा तसंच गप्प, तोंड मिटलेलं. मग, "…कधी येणार?"

"कोण कधी येणार? पूर्ण बोल, बाळा."

मी बोट वर करून हे म्हणाले. मला ती सवय आहे. माझ्या आईची होती. पुढे मी हे इतक्यांदा म्हणणार होते, की स्वतःच्या बोटाचा राग यावा.

हे सगळं मी लिहून काढतेय. बोलण्यापेक्षा हल्ली लिहिणं सोपं जातं.

२

मी गवत लावते. कामाबद्दल असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "लॉनचं काम का?" लॉन नाही. आमच्या इथलं मूळचं उंच गवत, माणसाच्या डोक्यावरून जाणारं, जांभळट तुऱ्यांचं. पाणथळीच्या काठापासून पलीकडच्या विरळ झाडांच्या कोरड्या माळापर्यंत पूर्वी तेच होतं. आता तुकडे उरलेत. दर वर्षी ते वरून वाळून मेल्यासारखं होतं आणि खालून जिवंत राहतं. बी मात्र बेभरवशाचं. कुसळं भरपूर, मोजे भरून घरी येतात, पण आतले दाणे बहुतेक पोकळ. म्हणून आम्ही बियांच्या नादी न लागता ठोंब, म्हणजे मुळांसकट गवताचा अख्खा झुबका, उचलतो, आमच्या गवत-संवर्धन केंद्रावर वाढवतो, फोडतो आणि जिथे गवत संपलंय तिथे नेऊन लावतो.

यात नियम थोडेच आहेत. पहिला, अर्धा ठोंब घ्यायचा, अर्धा जागेवर ठेवायचा. "जागेला कळता कामा नये," असं आमच्या मॅडम म्हणतात. नव्या माणसाला त्या हा विनोद ऐकवतात आणि तो हसायच्या आत स्वतः हसतात.

दुसरा नियम, ताजा काप. उचललेला ठोंब पुन्हा लावताना फावड्यानं कडा तासून घ्यायच्या. ठोंबाच्याही आणि जागेवर उरलेल्या अर्ध्याच्याही. वाळलेल्या कापाला मूळ धरत नाही. इतक्या वर्षांनी हे हातच करून टाकतात, डोक्याला विचारायला येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे गवत बाहेरच्या बाजूनं वाढतं आणि मधून मरतं. फार जुना ठोंब वरून पाहिला तर कडं दिसतं. भोवती गवताची भिंत आणि मध्ये मोकळी, मऊ, वाळक्या पात्यांची जागा. तिथे सशापासून रानडुकरापर्यंत कुणीही झोपून जातं. अशी कडी आपल्या पणजीच्या आधीची असू शकतात.

३

त्या दुधाच्या सकाळच्या आदल्या दिवशी पाळणाघरातला पाण्याचा पाइप फुटला होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि सासूबाई गुडघा धरून बसल्या होत्या. मी टिटवीला घेऊन कामावर गेले. दोन शेंड्या, लाल रिबिनी, पायांत गमबूट. वाटेत तिनं गाडीतल्या प्रत्येक बटणाबद्दल विचारलं.

पाणथळीच्या काठावर आम्हाला जे कडं उचलायचं होतं, ते ती माझ्याआधी पोचून आतून बळकावून बसली.

"हे माझं घर आहे. तू बाहेर थांब. बेल वाजव."

"टिंगटाँग."

"कोण आहे?"

"फावडंवाली."

"आज नको. उद्या या."

ती बाहेर यायला तयार होईना. मी खूप घाबरट आई आहे, त्यामुळे आधी सगळं नीट पाहिलं. कडं मोठं होतं. ती बरोबर मधोमध बसली होती आणि माझे काप कड्यावर, समोरासमोर दोन ठिकाणी पडणार होते, तिच्यापासून चांगले लांब. "पाय जवळ घे, हलू नकोस," एवढं सांगून मी कामाला लागले. पहिला काप सरळ गेला. दुसऱ्याला जोर लावावा लागला. टिटवी तोवर अखंड बोलत होती. तिच्या घरात कोणकोण राहतं, कुणाला आत घ्यायचं नाही. फावडं शेवटच्या मुळातून आरपार गेलं, तेव्हा तिचं बोलणं मध्येच थांबलं.

दचकली असेल, असं मला वाटलं.

अर्धं कडं उचलून आम्ही टबात ठेवलं. जिथून ते काढलं त्या मोकळ्या बाजूनं टिटवी उठून बाहेर आली आणि तिनं माझं बोट धरलं. परतताना तिनं एकाही बटणाबद्दल विचारलं नाही.

दमली असेल.

४

पहिले काही दिवस घरात गंमतच झाली. नवरा म्हणाला, "वकील होणार ही. मुद्द्याचं तेवढंच बोलते." सासूबाई म्हणाल्या, "आमचे हे असेच होते. निम्मं मनात बोलायचे, निम्मं तोंडानं. संसार झालाच की."

मीही हसले. पण मी तिच्याकडे बघत होते, आणि बघितलं की दिसतं.

ती अडखळत नव्हती. अडखळणारं मूल धडपडतं, मान हलवतं, चिडतं. ही शांत बसायची, डोळे माझ्यावर, ओठ मिटलेले. वाक्याच्या पहिल्या भागाला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ जाऊ द्यायची, आणि मग उरलेलं बोलायची. "…भिजलंय." "…आवाज येतोय." "…माझ्याजवळ झोप ना." आणि हे म्हणताना ती माझ्या कुशीत, कोरड्या ठणठणीत अंथरुणात असायची.

बोलण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई छान होत्या, खेळणी चांगली होती. टिटवीनं ठोकळ्यांचा मनोरा रचला, रंग ओळखले, शिडीवर चढून दाखवलं. "हा कोणता रंग?" विचारलं की "निळा" असं एका शब्दात स्वच्छ सांगायची. एक शब्द तिला जमत होता.

"या वयात होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोकं पुढे पळतं, जीभ मागे राहते. तुम्ही फक्त एक करा. तिचं बोलणं मध्ये तोडू नका."

मी मान डोलावली. गाडीत येऊन बसल्यावर मात्र गाडी सुरू करायला मला जरा वेळ लागला.

५

उचललेले ठोंब केंद्रावरच्या रोपखोलीत ठेवतात. लांबट खोली, वर दुधी रंगाचा पत्रा, एक दार, एक पंखा. पंख्याचं बटण दारापाशी. आत ओल्या मातीचा वास आणि नळातून टपकणाऱ्या पाण्याचा आवाज. कंटाळवाणी जागा आहे. मला आवडते.

एका सकाळी पाणी घालायला गेले तर टिटवीचं कडं हलत होतं. म्हणजे त्या दिवशी उचललेलं. माझ्या मनात त्याचं नाव तसं पडलं होतं. पाती एका बाजूला झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची, उघड्यावर वारा आला की करतात तशी. शेजारचे टब जागच्या जागी स्तब्ध. पंखा बंद. दार मी आत येताना लावून घेतलं होतं.

मी हात वर धरून पाहिला. हवा नव्हती.

मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "पत्रा तापला की आतल्या आत हवा फिरते."

"मग बाकीचे का हलत नाहीत?"

"बाकीचे आळशी आहेत." त्या हसल्या आणि टबावर थाप मारून म्हणाल्या, "हा चांगला जोमात आहे. सोमवारी फोडू या."

फोडायचा म्हणजे ठोंब हातांनी आणि सुरीनं मोकळा करून त्याचे फुटवे सुटे करायचे. एकेक काडी, तिला थोडं मूळ, एकेका पिशवीत. अर्ध्या ठोंबातून ढीगभर पिशव्या निघतात. त्यासाठीच तर आपण तो आणतो. हे मी इतक्यांदा केलंय, की त्या शब्दाकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं.

घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. उगाच विचारल्यासारखं विचारलं, "टिटवी काय करतेय?"

"काय करणार? खिडकीपाशी उभी आहे. मघापासून डुलतेय आपली. गाणं चाललं असेल मनात."

मी वनस्पतीशास्त्र शिकलेली बाई आहे. मुलं डुलतात, पत्रे तापतात आणि ज्या बाईची झोप झालेली नसते तिला दोन गोष्टींमध्ये दोरी दिसते. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. मग सोमवार किती लांब आहे ते बोटांवर मोजलं.

६

शुक्रवारी मॅडमनी सोमवारपर्यंतही वाट पाहिली नाही. मुळं कितपत आलीत ते बघायला त्यांनी त्या ठोंबाच्या कडेचा एकच फुटवा मोडून एका छोट्या कुंडीत लावला. हे मला संध्याकाळी निघताना कळलं. "बघ, किती सहज सुटला," म्हणत त्यांनी कुंडी दाखवली. एक हिरवी काडी.

घरी आले तर नवरा दारातच उभा होता. आता तो हसत नव्हता.

"दुपारपासून नुसतं 'ला', 'ना' एवढंच येतंय तिच्या तोंडून," तो म्हणाला. "आई म्हणते, घसा बसला असेल. घसा नाहीये हा. तिचा आवाज खणखणीत आहे."

टिटवी जमिनीवर बसून बाहुलीला मोजे घालत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. ती उठली, माझ्यासमोर आली, डोळे माझ्या डोळ्यांत. थांबली. किती वेळ थांबली. एवढ्या वेळात एक अख्खी गोष्ट सांगून झाली असती. मग म्हणाली, "…ना."

मी तिला उचलून घेतलं. "पूर्ण बोल" म्हणायची हिंमत झाली नाही. सोमवारी त्या ठोंबाच्या ढीगभर पिशव्या होणार होत्या, आणि मग माझ्या मुलीजवळ बोलायला काय उरणार होतं, एवढंच मला दिसत होतं.

मॅडमना फोन केला. मला तो ठोंब परत लावायचाय, असं सांगितलं. का ते सांगता येईना. "तो बरा वाटत नाही मला," असं काहीतरी पुटपुटले.

"एका ठोंबासाठी रडतेस?" मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "घरचं काही आहे का गं?"

"हो."

"बरं. घेऊन जा. उद्या गाडी मोकळी आहे. मोडलेला फुटवाही ने, इथे एकटा काय करेल? आणि लावशील ते नीट लाव. काप ताजा कर."

"ते काय सांगायला हवंय, मॅडम!"

७

शनिवारी भर दुपारी मी तिथे पोचले. लख्ख ऊन होतं, आभाळ निळं. असल्या जागी भ्यायचं असेल तर ते धुक्यात तरी भ्यावं, असं वाटून मला स्वतःचंच हसू आलं. गवत वाऱ्यानं एका बाजूला वाकत होतं, उठत होतं. हातगाडीवर टब घालून मी चिखलातून आत शिरले. टबातली पातीही वाकत होती. इथे वारा होता, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. तरी मी तिकडे बघत नव्हते.

कडं उचललं तिथे खुणेसाठी ठोकलेली खुंटी सापडली. अर्धं कडं जागेवर होतं. आतली मऊ जागा दबलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. ससा, मी म्हटलं. मग टाचेचा ठसा दिसला, लहान, चिखलातला. त्याच्यात पाणी अजून चढत होतं. चिखलात ठसा उमटला की काही क्षणांत पाण्यानं भरतो. हा अजून भरत होता.

मी नवऱ्याला फोन लावला. स्पीकर चालू करून फोन शर्टाच्या खिशात ठेवला. "टिटवी कुठे आहे?"

"ही काय, समोर. जेवायला बसवलंय. का?"

"फोन तिच्याजवळ ठेव. बोलू नकोस, नुसता ठेव."

"अगं, पण…"

"ठेव ना रे."

खिशातून आमच्या स्वयंपाकघराचे आवाज येऊ लागले. चमचा. खुर्ची. सासूबाईंचं खाकरणं. आणि माझ्या समोर, गवताच्या भिंतीच्या आत, अगदी साध्या, जरा कंटाळलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"बाबा, मला अजून थोडी…"

"…ना," खिशातली टिटवी म्हणाली.

"काय ना?" नवरा म्हणाला. "अगं, ही बघ, पुन्हा तेच."

भिंतीच्या मागे पाती बाजूला झाली. एका क्षणासाठी मला पाठमोरं डोकं दिसलं. दोन शेंड्या, लाल रिबिनी, त्यांवर वाळका चिखल. सकाळी मी टिटवीची एक वेणी घातली होती. मग वारा आला आणि गवत मिटलं.

मी किंचाळले नाही. आश्चर्य म्हणजे मी कामाला लागले. कदाचित हात रिकामे राहिले असते तर किंचाळले असते. टब आडवा केला, ठोंब ओढून त्याच्या जुन्या जागेपाशी आणला. एकटीनं एवढा जड ठोंब बसवायचा तर बाहेरून जमत नाही, आतून ओढून घ्यावा लागतो. म्हणून मी कड्याच्या आत जाऊन उभी राहिले. मऊ जागेत पाय रुतले. खालून ऊब आली.

ठोंबाच्या दोन्ही कडा तासल्या. मग जागेवरच्या अर्ध्याकडे वळले. एक काप इकडे, एक समोर. फावड्यावर पाय ठेवून जोर दिला. बोलून धीर येतो म्हणून मी तोंडानं टिटवीशी बोलत होते. झालं हं, जोडतेच आता, कुठे जाऊ नकोस, आईनं आणलंय सगळं. फावडं शेवटच्या मुळातून आरपार गेलं, तेव्हा माझं बोलणं मध्येच राहिलं.

धाप लागली होती.

ठोंब कापाला काप लावून बसवला, छोट्या कुंडीतला फुटवा त्याच्या कडेला खोचला, भोवती माती ओढली आणि पायानं दाबत आतल्या आत गोल फिरले. कडं पुरं झालं. तेव्हा खिशातून आवाज आला,

"बाबा, मला अजून थोडी भाजी दे ना, पण ती मऊ मऊवाली नको, ती आजीला दे, तिला दात नाहीत."

"आहेत गं मला दात!" सासूबाई ओरडल्या. खुर्ची मागे सरकली. नवरा एवढंच म्हणाला, "ऐकलंस? अगं, ऐकलंस का?"

मला रडू कोसळलं, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. भिंत ओलांडून बाहेर आले. मागे गवत वाऱ्याबरोबर वाकत होतं, सगळं एकसारखं, एका चालीत. त्यात कुणाचाही आवाज नव्हता. नुसती सळसळ.

८

परतताना वाटेत मी कुणाशी बोलले नाही. कुणी भेटलंच नाही. केंद्रावर गाडी लावली, किल्ली खिळ्याला अडकवली. मॅडमनी खिडकीतून हात केला, मी हात केला. घराच्या जिन्यावर बसून मोज्यांतली कुसळं काढली, कारण ती घरात आली की सासूबाई आठवडाभर पुराण लावतात. आतून टिटवीचा आवाज येत होता. अखंड. तिच्या बाहुलीला कुणीतरी आत घेत नव्हतं आणि त्यावरून मोठं भांडण चाललं होतं. इतक्या सुखानं मी त्या पायरीवर कधीच बसले नसेन.

पाय मात्र गार पडले होते, गुडघ्यापर्यंत. मोजे काढून, पाय चोळूनही ऊब येईना. चिखलात उभी होते ना, म्हणून.

दार ढकलून आत गेले. टिटवीच्या ओठांवर दुधाची मिशी होती. नवऱ्याचे डोळे लाल होते आणि तो उगाचच ओटा पुसत होता. सासूबाई म्हणाल्या, "आलीस? तुझी टिटवी परत सुरू झाली बघ. आता दोन दिवसांत म्हणशील, जरा गप्प बस बाई."

मला खूप काही सांगायचं होतं. मी टिटवीसमोर गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणायला घेतलं, माझ्या राजा, मी तुला तिथे एकटीला कधीच ठेवणार नाही. वाक्य मनात सबंध होतं. मी ते बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं.

नवरा ओटा पुसायचा थांबला. कितीतरी वेळ कुणी हललं नाही. मग माझ्याच कानांवर माझा आवाज पडला.

"…कधीच ठेवणार नाही."

"काय ठेवणार नाहीस?" नवऱ्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे वळले. 'एकटीला' शेवटी ठेवून पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तोच थांबा. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. आणि त्या शांततेत, फार लांब कुठेतरी, उघड्यावर, वाऱ्यात, वाक्याचा पहिला भाग बोलला जात होता. तो मला ऐकू येत नव्हता. त्याला किती वेळ लागतोय, एवढंच कळत होतं.

"…एकटीला," मी म्हणाले.

टिटवीनं माझ्या हातांतून आपला एक हात सोडवून घेतला. मला नीट निरखलं. मग हुबेहूब माझ्यासारखं एक बोट वर केलं आणि म्हणाली,

"आई, असं नाही करायचं. पूर्ण बोल."